पट्टी घेऊन कॅमेरा निवडा : पाण्याखालच्या मॅक्रोसाठी कॉम्पॅक्ट

पाण्याखालच्या मॅक्रोसाठी, म्हणजे इवल्या जीवांचे अगदी जवळून फोटो घ्यायला, कॅमेरा घ्यायचा म्हटलं की बहुतेक जण मेगापिक्सेल, सेन्सर आणि किंमत असे तीन रकाने आखून बसतात. मॅक्रोचा निकाल ज्यावर लागतो ते या तिन्ही रकान्यांत नसतं. हाउसिंगच्या, म्हणजे कॅमेऱ्याच्या जलरोधक पेटीच्या, काचेबाहेर किती मिलिमीटर रुंदीची जागा हा कॅमेरा पूर्ण फ्रेममध्ये भरू शकतो, आणि तेव्हा जीव काचेपासून किती लांब असतो, हे आधी बघायचं. ही दोन मापं हातात आली की निम्मे पर्याय आपोआप गळतात.

कोकण-गोव्यात डाइव्ह करणाऱ्यांना मॅक्रोचा एक फायदा आहे. मालवण-तारकर्ली किंवा गोव्याच्या ग्रँड आयलंडच्या पाण्यात व्हिजिबिलिटी बऱ्याचदा काही मीटरच असते. तिथे वाइड अँगल लावून अख्खा खडक टिपायला गेलात तर हिरवट धुकं हाती लागतं. मॅक्रोत लेन्स आणि जीव यांच्यामध्ये जेमतेम पाच-दहा सेंटिमीटर पाणी असतं, त्यामुळे तेवढा गढूळपणा निभावतो. मात्र प्रशिक्षक हाताला धरून फिरवतो त्या पर्यटकांच्या डाइव्हमध्ये मॅक्रो होत नाही. स्वतःची बॉयन्सी, म्हणजे पाण्यात एका पातळीवर तरंगत राहण्याचा तोल, स्थिर ठेवता येत नसेल, तर कॅमेऱ्याचे पैसे आधी प्रशिक्षणात घाला. तळाला टेकून गाळ उठवला की कुठलाच कॅमेरा कामाचा राहत नाही.

पायरी १ : कोणता जीव, किती मिलिमीटर

कवच नसलेल्या रंगीत समुद्री गोगलगायी, म्हणजे न्युडीब्रँक, हे मॅक्रोवाल्यांचं पहिलं प्रेम. त्यांच्या बऱ्याच जाती एक ते पाच सेंटिमीटरच्या असतात. बिळातून डोकावणाऱ्या ब्लेनी या छोट्या माशाचं तोंड साधारण सेंटिमीटरभर, पिग्मी सीहॉर्स दोन सेंटिमीटरच्या आसपास किंवा त्याहून लहान. जीवाने फ्रेमची निम्मी ते दोन तृतीयांश रुंदी व्यापावी असं धरलं, तर कामाच्या तीन पातळ्या पडतात.

५० मिमी रुंदीची फ्रेम : मध्यम न्युडीब्रँक, छोटे खेकडे, सी-अ‍ॅनिमोनमधली कोळंबी.
३० मिमी : ब्लेनीचा चेहरा, लहान न्युडीब्रँक, पिग्मी सीहॉर्स.
१५ मिमी किंवा कमी : न्युडीब्रँकची शिंगं, माशाचा डोळा, अंड्यांच्या पुंजक्यातली पिल्लं.

पहिली पातळी जवळपास कुठलाही बरा कॉम्पॅक्ट गाठतो. पैसे आणि कटकट वाढते ती दुसरीपासून. नवख्याने ३० मिमीचं लक्ष्य ठेवावं. १५ मिमीच्या फ्रेममध्ये जीव शोधून तो फोकसमध्ये धरणं हे वेगळंच कसब आहे, आणि ते महागड्या भिंगाबरोबर मिळत नाही.

पायरी २ : पट्टीची चाचणी

दुकानात किंवा सेकंड हँड विकणाऱ्याच्या घरी जाताना स्टीलची १५ सेंटिमीटरची पट्टी बरोबर न्या.

१. पट्टी टेबलावर आडवी ठेवा आणि कॅमेरा मॅक्रो मोडमध्ये बरोबर वर धरा.
२. झूम पूर्ण बाहेर, म्हणजे वाइडला ठेवून, फोकस लागेनासा होईपर्यंत जवळ या. शेवटचा स्पष्ट फोटो घ्या आणि त्यात डावीकडून उजवीकडे किती मिलिमीटर दिसतात ते मोजा.
३. लेन्सच्या कडेपासून पट्टीपर्यंतचं अंतरही मोजा.
४. आता झूम पूर्ण आत, म्हणजे टेलीला, घेऊन हेच पुन्हा करा.
५. हाउसिंग उपलब्ध असेल तर कॅमेरा त्यात घालून सगळं परत करा. या वेळी अंतर काचेपासून मोजा.

पाचवी पायरी सर्वात महत्त्वाची आणि सर्वात जास्त टाळली जाणारी. जाहिरातीत ‘५ सेंमी मॅक्रो’ लिहिलेलं असतं ते वाइडचं माप. बाहेर येणाऱ्या लेन्सच्या कॅमेऱ्यात झूम करताना लेन्स लांब होते, म्हणून हाउसिंगचा पोर्ट, म्हणजे काच बसवलेली पुढची नळी, त्या पूर्ण लांबीसाठी खोल केलेला असतो. वाइडला लेन्स आत जाते आणि तिच्यापुढे पोर्टमध्ये काही सेंटिमीटरची मोकळी हवा उरते. पाचातले तीन-चार सेंटिमीटर तिथेच गेले. उरलेल्यात काच जीवावर जवळजवळ टेकते, तिची सावली पडते आणि खेकडा आत पळतो.

टेलीच्या टोकाला लेन्स काचेला भिडते, पण तिथे कॅमेऱ्याची स्वतःची मर्यादा आडवी येते. कॅनन जी७एक्स मार्क ३ टेलीला ४० सेंमीहून जवळ फोकस करत नाही. सोनी आरएक्स१०० मार्क ५ ला ३० सेंमी लागतात, तर २०० मिमीपर्यंत झूम असलेल्या आरएक्स१०० मार्क ७ ला टेलीच्या टोकाला तब्बल एक मीटर. म्हणून या कॅमेऱ्यांसारखा एक इंची सेन्सरचा कॉम्पॅक्ट नुसत्या हाउसिंगमध्ये मॅक्रो कॅमेरा ठरत नाही. त्याला बाहेरून भिंग लागतंच, आणि ते भिंग पहिल्या दिवसापासून बजेटमध्ये धरायला हवं.

सपाट काचेतून पाण्यातली वस्तू साधारण एक तृतीयांश मोठी आणि पाव अंतराने जवळ दिसते. त्यामुळे टेबलावर मोजलेली फ्रेम पाण्यात थोडी अरुंद होते, म्हणजे चूक आपल्या फायद्याकडेच झुकते.

पायरी ३ : भिंगाचं गणित

हाउसिंगच्या पोर्टवर पाण्यातच चढवता-उतरवता येणाऱ्या क्लोज-अप भिंगाला वेट लेन्स किंवा डायऑप्टर म्हणतात. त्याच्या शक्तीवरून अंतर काढायचं सूत्र सोपं आहे : १००० ला भिंगाच्या शक्तीच्या आकड्याने भागा, उत्तर मिलिमीटरमध्ये. +६ चं भिंग सुमारे १६५ मिमीवर, +१० चं १०० मिमीवर, +१५ चं ६७ मिमीवर. इनॉनच्या यूसीएल-१६५ आणि यूसीएल-६७ या भिंगांची नावं याच आकड्यांवरून पडली आहेत.

फ्रेमची रुंदी काढायची तर सेन्सरची रुंदी गुणिले भिंगाचं अंतर, भागिले लेन्सची खरी फोकल लेंग्थ (जाहिरातीतला २०० मिमीसारखा आकडा नव्हे, तो ३५ मिमी फिल्मच्या हिशेबाने दिलेला असतो). एक इंची हे नुसतं नाव, हा सेन्सर प्रत्यक्षात १३.२ मिमी रुंद असतो. जी७एक्स मार्क ३ ची टेलीची खरी फोकल लेंग्थ सुमारे ३६.८ मिमी, आरएक्स१०० मार्क ७ ची ७२ मिमी. म्हणजे +१० चं भिंग लावल्यावर जी७एक्सला अंदाजे ३६ मिमीची फ्रेम मिळते, मार्क ७ ला १८ मिमीची. मार्क ७ वर नुसतं +६ लावलं तरी ३० मिमीची फ्रेम मिळते, तीही जीव १६ सेंटिमीटर लांब असताना. बुजऱ्या ब्लेनीपुढे या अंतराची किंमत कळते. आरएक्स१०० च्या मार्क ३ ते ५ (२४-७० मिमी झूम) या कॅमेऱ्यांना मात्र +१० वर ५० मिमीच्या आसपासच राहावं लागतं. तिथे +१५ हवं. हे आकडे ढोबळ आहेत, पण खरेदीचा निर्णय घ्यायला पुरेसे.

याच सूत्रात एक खोच आहे आणि तिथे बहुतेक नवखे अडकतात. भिंग लावल्यावर कॅमेरा फक्त एका अरुंद पट्ट्यात फोकस करू शकतो. जी७एक्सवर +१० लावलं की लांबची हद्द १० सेंमी. कॅमेऱ्याची स्वतःची ४० सेंमीची क्षमता म्हणजे +२.५, दोन्ही मिळून १२.५, म्हणून जवळची हद्द ८ सेंमी. एकूण खेळ दोन सेंटिमीटरचा. मार्क ७ वर तो सेंटिमीटरभरच. जीव १२ सेंटिमीटरवर असेल तर फोकस मोटर पुढे-मागे घरघरत राहते आणि माणसाला वाटतं कॅमेरा बिघडला. उपाय म्हणजे डाइव्हच्या आधी बादलीत ते अंतर डोळ्यात बसवून घेणं आणि पाण्याखाली आधी शरीराने त्या अंतरावर येऊन मग शटर अर्धं दाबणं.

स्वस्त एकपदरी भिंगांमध्ये कडा मऊ पडतात आणि जांभळी-हिरवी किनार येते. मध्यभागीच जीव ठेवणार असाल तर ते चालून जातं. दोन काचा जोडलेली अ‍ॅक्रोमॅटिक भिंगं महाग असली तरी कॅमेरा बदलला तरी बरोबर राहतात. मात्र थ्रेड, म्हणजे आटे, पाहून घ्या. वेट लेन्समध्ये ६७ मिमीचा थ्रेड सर्वात रुळलेला आहे. हाउसिंगचा थ्रेड ५२ मिमी असेल तर मध्ये अ‍ॅडॉप्टर रिंग लागते. भिंगामागे अडकलेला हवेचा बुडबुडा फोटोच्या मधोमध धूसर डाग पाडतो, म्हणून पाण्यात उतरल्यावर भिंग एकदा सैल करून बुडबुडा काढायचा. सारखं फिरवून चढवायचा कंटाळा येत असेल तर बिजागरीचा फ्लिप होल्डर घ्या.

पायरी ४ : मोठा सेन्सर हवाच का?

जमिनीवरची सवय सांगते, सेन्सर मोठा तितकं बरं. मॅक्रोत हे अर्धंच खरं आहे. ३६ मिमीच्या फ्रेममध्ये एक इंची सेन्सरवर अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ/८ ठेवलं तर स्पष्ट दिसणारी खोली, म्हणजे डेप्थ ऑफ फील्ड, दोन मिलिमीटरही भरत नाही. ओएम सिस्टीम टीजी-७ सारख्या १/२.३३ इंची सेन्सरवर तितक्याच फ्रेमला टेलीच्या टोकाचं सर्वात उघडं एफ/४.९ सुद्धा तेवढीच किंवा किंचित जास्त खोली देतं. लहान सेन्सरचा दोष हा इथे फायदा होतो. फ्लॅशचा उजेड भरपूर असल्याने आयएसओ १०० वर काम होतं आणि नॉइजची तक्रारही फार उरत नाही.

एक इंचीचा खरा फायदा दुसरीकडे आहे. वीस मेगापिक्सेलमधून कापायला वाव मिळतो, रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलमध्ये सावल्या उचलता येतात आणि अ‍ॅपर्चरवर ताबा राहतो. टीजीवर तो ताबा नाही. अ‍ॅपर्चरच्या मोजक्या तीन पायऱ्या दिसतात आणि त्यातली शेवटची, वाइडला एफ/८ व टेलीला एफ/१८, हा एनडी फिल्टर असतो. उजेड कमी होतो, खोली वाढत नाही. ‘एफ/१८ वर टाकूनही मागचं शिंग धूसर का?’ याचं उत्तर हेच.

पायरी ५ : मेनूत काय असायला हवं

रॉ हवंच. पूर्ण मॅन्युअल मोड असला तर पार्श्वभूमी काळी की निळी हे तुम्ही ठरवता, नाहीतर कॅमेरा ठरवतो. टीजी मालिकेत मॅन्युअल मोड नाही आणि तिची सर्वात मोठी उणीव हीच. उणे एक ते उणे दोन एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन आणि पक्का आयएसओ यांवर भागवावं लागतं. फोकसचा चौकोन लहान करून हलवता यावा. फोकस पीकिंग, म्हणजे फोकसमधल्या कडा स्क्रीनवर रंगवून दाखवण्याची सोय, असेल तर मॅन्युअल फोकस बांधून शरीर पुढे-मागे डोलवत फोटो घेता येतात, आणि जास्त मॅग्निफिकेशनला हीच रीत ऑटोफोकसपेक्षा खात्रीची.

कॉम्पॅक्टची एक जमेची बाजू फारशी कुणी सांगत नाही. यांत शटर लेन्समध्येच असतं, त्यामुळे फ्लॅश १/१००० किंवा १/२००० सेकंदालाही जुळतो. बहुतेक डीएसएलआर १/२५० च्या आसपास थांबतात. भर दुपारी पाच मीटरवरही कॉम्पॅक्टने पार्श्वभूमी काळीकुट्ट करता येते, ती यामुळे.

टीजीतलं फोकस स्टॅकिंग, म्हणजे वेगवेगळ्या फोकसचे फोटो जोडून एक करणं, जाहिरातीत आकर्षक दिसतं. ओहोटीला खडकातल्या डबक्यांवर, कॅमेरा टेकवून, ते छान चालतं. लाटेबरोबर तुम्ही आणि जीव दोघेही हलत असाल तर विसरा.

पायरी ६ : हाउसिंग

कॅमेरा निवडताना खरं तर हाउसिंग आधी निवडावं. ज्या मॉडेलचं हाउसिंग मिळणं बंद झालंय तो कॅमेरा कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका.

टीजी-७ नुसता १५ मीटरपर्यंत जलरोधक आहे. स्नॉर्केलिंगला आणि मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या ओहोटीला डबकी बघत फिरायला एवढं पुरेसं. पण ओपन वॉटर डायव्हरची, म्हणजे स्कूबाचं पहिलं प्रमाणपत्र मिळवलेल्याची, मर्यादाच १८ मीटर असते, म्हणून स्कूबासाठी हाउसिंग अटळ. टीजी-६ आणि टीजी-७ ला चालणारं पीटी-०५९ हे ४५ मीटरचं आहे. टीजीची आणखी एक सोय म्हणजे तिची झूम लेन्स शरीराच्या आतच हलते, बाहेर येत नाही. त्यामुळे पोर्ट उथळ, काच लेन्सला लागून, आणि मायक्रोस्कोप मोडमधली १ ते ३० सेंमीची फोकस-मर्यादा हाउसिंगमध्येही बरीचशी हाती राहते. स्वस्तात मॅक्रो करणाऱ्यांत हा कॅमेरा इतका दिसतो त्याचं कारण हे आहे.

आरएक्स१०० मार्क ७ च्या हाउसिंगबाबत एकच प्रश्न विचारा : ‘या पोर्टमध्ये झूम पूर्ण २०० मिमीपर्यंत जातो का?’ काही पोर्ट आखूड असतात आणि लेन्स काचेला धडकते, मग झूम मध्येच अडवावा लागतो. तसं असेल तर तुम्ही मार्क ७ चे पैसे देऊन मार्क ५ चं काम करताय.

पॉलिकार्बोनेट की अ‍ॅल्युमिनियम? पॉलिकार्बोनेट हलकं, स्वस्त आणि पारदर्शक, आत पाणी आलं तर लगेच दिसतं. अ‍ॅल्युमिनियमची बटणं जास्त खात्रीची, पाण्यात ते स्थिर राहतं आणि बऱ्याच मॉडेलना व्हॅक्यूम पंप बसतो. आतली हवा काढून ठेवायची, दाब टिकला तर हिरवा दिवा, गळला तर लाल. पाण्यात उतरण्यापूर्वीच गळती कळणं ही फार मोठी सोय आहे.

हाउसिंग हातात घेऊन, निओप्रीनचे हातमोजे घालून, प्रत्येक बटण दाबून बघा. फोकस, एक्स्पोजर आणि फ्लॅश या तिन्ही गोष्टी हात न सोडता बदलता आल्या पाहिजेत.

पायरी ७ : उजेड

मॅक्रोचा निम्मा कॅमेरा म्हणजे उजेड, आणि बजेटचा तेवढाच वाटा त्याला द्यावा. कॅमेऱ्याच्या आतला फ्लॅश हाउसिंगच्या डिफ्यूझरमधून ५० मिमीच्या फ्रेमपर्यंत कसाबसा पुरतो. त्याहून जवळ गेलं की पोर्टची नळीच आडवी येते आणि फोटोच्या खालच्या भागात चंद्रकोरीसारखी काळी सावली पडते. वेट लेन्स लावली की ही सावली आणखी वाढते.

म्हणून एक बाहेरचा स्ट्रोब, म्हणजे पाण्याखाली चालणारा वेगळा फ्लॅश, घ्या. सुरुवातीला एकच पुरे, लहानसा. तो फायबर ऑप्टिक केबलने जोडला जातो : कॅमेऱ्याचा फ्लॅश चमकला की ती चमक केबलमधून जाते आणि स्ट्रोब पेटतो. याचा अर्थ कॅमेऱ्याचा स्वतःचा फ्लॅश दर वेळी पेटायलाच हवा, आणि इथे दोन अडचणी येतात.

पहिली, प्री-फ्लॅश. टीटीएलमध्ये, म्हणजे फ्लॅशची ताकद आपोआप ठरते त्या पद्धतीत, कॅमेरा मोजमापासाठी आधी एक छोटी चमक सोडतो. स्ट्रोब मॅन्युअलला असेल आणि प्री-फ्लॅश ओळखायचं त्याचं सेटिंग चुकलं असेल, तर तो पहिल्याच चमकेला पेटून मोकळा होतो आणि फोटो अंधारा येतो. स्क्रीनवर काळा फोटो, डोळ्यांना मात्र स्ट्रोब पेटलेला दिसला, अशी तक्रार असेल तर आधी हे सेटिंग बघा.

दुसरी, रिचार्जचा वेळ. आरएक्स१०० च्या मार्क ३ पासून पुढच्या कॅमेऱ्यांना हॉट शू, म्हणजे वर वेगळा फ्लॅश बसवायची खाच, नाही, त्यामुळे आतल्या फ्लॅशवरच भिस्त. तो पूर्ण ताकदीने पेटला की पुन्हा तयार व्हायला वेळ घेतो आणि बॅटरी खातो. फ्लॅश कॉम्पेन्सेशन उणे तीनवर ठेवलं की केबलपुरती चमक मिळते आणि थांबणं कमी होतं. तरीही प्रत्येक डाइव्हला ताजी बॅटरी घालायची. मार्क ७ ची अधिकृत क्षमता २६० फोटोंची, जी७एक्स मार्क ३ ची २३५ ची. फ्लॅश आणि थंड पाण्यात ती आणखी घटते.

स्ट्रोबची जागा : पोर्टच्या वर, किंचित पुढे, जीवाकडे झुकलेला, डिफ्यूझर लावून. पाण्यात कण जास्त असतील तर तो बाजूला घेऊन तोंड थोडं बाहेर फिरवा, म्हणजे उजेडाची कड फक्त जीवावर येईल आणि लेन्ससमोरचे कण अंधारात राहतील. नाहीतर बर्फ पडल्यासारखे पांढरे ठिपके, म्हणजे बॅकस्कॅटर.

फोकस लाइट वेगळी घ्या. शे-पाचशे ल्युमेनची टॉर्च पुरते, मात्र लाल उजेडाची सोय असलेली बघा. कोळंबी-खेकडे लाल उजेडाला कमी बुजतात. फोटो घेताना ती आपोआप विझली तर उत्तम. स्नूट, म्हणजे उजेड एका ठिपक्यात आवळणारी नळी, मोहक आहे, पण पहिल्या मोसमात नको. नेम धरण्यातच हवा संपते.

तीन जुळण्या

बजेट कमी, डाइव्ह मोजक्या, ओहोटीची डबकीही बघायची आहेत : टीजी-६ किंवा टीजी-७, पीटी-०५९, ट्रे (हाउसिंग आणि स्ट्रोब बसवायची पट्टी), एक छोटा स्ट्रोब. भिंग नको. पूर्ण झूम आणि मायक्रोस्कोप मोडमध्ये दहा सेंटिमीटरवरून दोन-तीन सेंटिमीटरची फ्रेम मिळते. हीच जुळणी बहुतेकांना पुरी पडते, विक्रेता काहीही म्हणो. टीजी-५ (२०१७) सेकंड हँड मिळाला तरी चालेल, फक्त त्याचं हाउसिंग पीटी-०५८, ते वेगळं.

माणसांचे, प्रवासाचे फोटोही त्याच कॅमेऱ्यात हवेत, मॅन्युअल मोड हवा : जी७एक्स मार्क २ किंवा ३, +१० ते +१५ चं भिंग, एक स्ट्रोब. पाण्याखालच्या कस्टम व्हाइट बॅलन्सबाबत कॅननचं नाव चांगलं आहे, त्यामुळे व्हिडिओही बरा होतो.

मॅक्रोच करायचंय, मॅक्रोसाठी नावाजलेल्या लेंबे (इंडोनेशिया) किंवा अनिलाओला (फिलिपिन्स) जायचा बेत आहे : आरएक्स१०० मार्क ७, २०० मिमीपर्यंत जाणारा पोर्ट, +६ आणि +१५ अशी दोन भिंगं, दोन स्ट्रोब. एवढा खर्च करायच्या आधी मिररलेस आणि ६० मिमी मॅक्रो लेन्सच्या संचाचीही किंमत काढा. फरक वाटतो तेवढा नसतो. कॉम्पॅक्ट जिंकतो तो विमानातल्या वजनावर.

पायरी ८ : पहिल्या डाइव्हआधी

१. हाउसिंगची ओ-रिंग, म्हणजे झाकणाची रबरी कडी, बोथट वस्तूने काढा, लिंट न सोडणाऱ्या कापडाने पुसा आणि बोटांतून फिरवत केस, वाळू, चीर शोधा. खाचही बघा, कण बहुधा तिथे दडतो.
२. त्याच कंपनीचं ग्रीस शेंगदाण्याएवढं नव्हे, तांदळाच्या दाण्याएवढं घ्या. ओ-रिंग फक्त चकाकली पाहिजे. ग्रीस पाणी अडवत नाही, ओ-रिंग अडवते. जास्त ग्रीसला वाळू चिकटते. व्हॅसलीन कधीही नाही.
३. कॅमेरा न घालता, आत टिश्यू पेपर ठेवून हाउसिंग बंद करा आणि बादलीत वजनाखाली अर्धा तास बुडवा. टिश्यू कोरडा हवा. पहिल्या खऱ्या डाइव्हलाही रिकामं हाउसिंगच न्या. गळती बहुधा उथळ पाण्यात होते, कारण खोलवर दाबच झाकण घट्ट धरतो. पहिल्या दोन मीटरवर थांबून बुडबुड्यांची माळ दिसते का बघा.
४. कॅमेरा घालून बंद करायचं ते एसी खोलीत, सिलिका जेलची पुडी ठेवून. कोकणातली दमट हवा आत कोंडली की गार पाण्यात काचेच्या आतून धुकं धरतं. बोटीवर उन्हात हाउसिंग उघडून बॅटरी बदलणं हे त्याचं हमखास कारण.

पाण्यातली सुरुवातीची सेटिंग, एक इंचीसाठी : मॅन्युअल, आयएसओ १२५, एफ/८, काळ्या पार्श्वभूमीला १/५००, पाण्याचा रंग हवा असेल तर १/६० ते १/१००. उजेड स्ट्रोबच्या ताकदीने कमी-जास्त करा. सोनीवर लाइव्ह व्ह्यूचं ‘सेटिंग इफेक्ट’ बंद ठेवायला विसरू नका. नाहीतर १/५०० ला स्क्रीन काळीच दिसते आणि जीव सापडत नाही. टीजीसाठी : मायक्रोस्कोप मोड, पूर्ण झूम, रॉ, आयएसओ १००, फ्लॅश सक्तीने चालू, कॉम्पेन्सेशन उणे एक. फोकस नेहमी डोळ्यावर, न्युडीब्रँक असेल तर शिंगांवर. कॅमेरा जीवाच्या पातळीला आणा, वरून खाली काढलेला फोटो नोंदवहीतल्या नमुन्यासारखा दिसतो.

जीवाला काडीने ढकलून ‘पोज’ घ्यायची नाही. भारतात समुद्रघोडे, प्रवाळ आणि सी-फॅन यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे प्रश्न सभ्यतेपुरता राहत नाही.

वर आल्यावर हाउसिंग बंद ठेवूनच गोड्या पाण्यात अर्धा तास बुडवायचं आणि प्रत्येक बटण दहा-बारा वेळा दाबायचं. मीठ बटणाच्या दांडीवर सुकलं की तिथली बारीक ओ-रिंग कापली जाते आणि पुढची गळती तिथून होते. विमानात मुख्य ओ-रिंग काढून ठेवा, नाहीतर दाबाच्या फरकाने झाकण उघडता उघडत नाही. सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिन बॅगेतच.

सेकंड हँड घेताना

टीजीचे बॅटरी आणि केबलचे दोन्ही दरवाजे उघडून रबरी सील बघा. ती वर्षाला बदलावीत अशी कंपनीची सूचना असते, आणि विकणाऱ्याने ती बदलल्याचं कागदावर क्वचितच सापडतं. म्हणून जुना टीजी हाउसिंगशिवाय पाण्यात नेऊ नका. धातूच्या संपर्कबिंदूंवर हिरवट-पांढरा थर असेल तर मीठ आत जाऊन आलेलं आहे, व्यवहार तिथेच थांबवा. सर्वात लहान अ‍ॅपर्चरला कोऱ्या कागदाचा फोटो काढून ठिपके बघा. आरएक्स१०० सारख्या बाहेर येणाऱ्या लेन्समधून सेन्सरवर धूळ जाते आणि मॅक्रोत ती काळ्या पार्श्वभूमीवर नाही तरी निळ्यावर हमखास उठून दिसते. हाउसिंगच्या पोर्टची काच तिरकी धरून ओरखडे शोधा. बाहेरचा बारीक ओरखडा पाण्यात बराचसा भरून निघतो, आतला नाही. ओ-रिंगचा नवा संच आजही मिळतो का, हे किंमत ठरवण्याआधी विचारा. मिळत नसेल तर ते हाउसिंग फुकटही महागच.